दोन हातांचा खेळ

“दोन्ही हात चालतात ना त्यांचे?” दुकानातल्या बाईनं विचारलं आणि मी “ऑफ कोर्स” म्हणून मोकळी झाले. इतकं पटकन म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. काउंटरवर दोन खोकी शेजारी शेजारी ठेवलेली होती, एक पांढरं आणि एक काळं. पांढऱ्यात ‘वी’ नावाचं व्हिडिओ गेमचं यंत्र होतं, काळ्यात प्लेस्टेशन. बाई माझ्या मुलीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला, आणि तिला कसलीही घाई नव्हती. नवऱ्यासाठी हवंय, त्यांना बरं नसतं, असं मी आत शिरताना बोलून बसले होते, म्हणून तिनं अगदी मनापासून समजावून सांगितलं. पांढऱ्याची कांडी टीव्हीच्या रिमोटएवढी असते. ती एका हातात धरायची आणि हात हलवायचा, की पडद्यावरचा चेंडू जातो. तिचे सासरे नर्सिंग होममध्ये तसंच खेळतात म्हणाली. काळ्याला मात्र दोन्ही हात लागतात. तिनं तो काळा कंट्रोलर माझ्या हातात दिला. दोन्ही तळव्यांत धरायचा, दोन अंगठ्यांनी दोन छोट्या दांड्या फिरवायच्या. डावी दांडी माणसाला चालवते, उजवी त्याची नजर वळवते, आणि उडी मारणं, दार उघडणं, लढणं हे सगळं उजव्या अंगठ्याखालच्या बटणांवर. हे सांगून झाल्यावर तिनं तो प्रश्न विचारला. मी अडतीस वर्षं डॉक्टर आहे. जूनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली आणि माझ्या नवऱ्याचा उजवा हात खांद्यापासून गेला, हे मला एका वाक्यात सांगता आलं असतं. मी पर्स उघडली आणि काळं द्या म्हणाले.

घराकडे, अर्ल्सडनला जाणाऱ्या बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसले. दोन्ही हातांनी धरावं लागत होतं, इतकं ते मोठं. बस रिंगरोडखालून गेली तेव्हा काचेत माझा चेहरा दिसला आणि तो चांगला दिसत होता, हे मी मुद्दाम सांगते. वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी भूक लागली होती. शिवाय कायद्यानं पाहिलं तर मी काहीच केलं नव्हतं, मी सांगितल्याप्रमाणे वागले होते. काळंच आण, असं हेच म्हणाले होते. हे म्हणजे श्रीनिवास, माझे यजमान, हाडांचे सर्जन. कॉव्हेंट्रीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे खुबे ह्यांनी बदललेले आहेत आणि ती माणसं अजून प्रिसिंक्टमध्ये, दुकानांच्या चौकात, ह्यांना वाकून हॅलो म्हणतात. ह्यांची पद्धत अशी की कुठलीही गोष्ट घ्यायची तर आधी कागदावर रकाने पाडायचे. गाडी घेताना रकाने, धुलाईयंत्र घेताना रकाने, मुलीची, तनयाची शाळा ठरवताना रकाने. लग्नाच्या वेळी ह्यांनी चार मुली पाहिल्या होत्या आणि त्यांचेही रकाने होते, हे मला पुढे सासूबाईंनीच कौतुकानं सांगितलं. मला म्हणे शिक्षणाच्या रकान्यात पूर्ण गुण मिळाले. तर ह्या वेळीही, आजारी माणसानं मांडीवर फळी घेऊन, डाव्या हातानं, पहिलीतल्या पोराच्या अक्षरात दोन रकाने पाडले. प्रोसेसर, डिस्क, चित्राची स्पष्टता. पांढरं प्रत्येक ओळीत हरलं. “शिवाय डिस्कच्या फॉरमॅटची लढाई ह्याच वर्षी काळ्यानं जिंकली,” हे ओढत ओढत म्हणाले, “जिंकणारं घ्यावं. पांढरं ते पोरांचं.” किती हात लागतात, असा रकाना त्या कागदावर नव्हता. तो सुचला नाही, कारण ह्यांच्या मते उजवा हात तात्पुरता रजेवर गेला आहे. नाताळापर्यंत उजवा येतोय, असं हे पोस्टमनलासुद्धा सांगतात. मी कागद वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि “बरं” म्हणाले.

पांढऱ्याची गोष्ट मुळात काढली ती नीनानं. नीना फिजिओथेरपिस्ट, आईवडील नाशिकचे, पण ही जन्मली वाढली लेस्टरला. आठवड्यातून दोनदा हिच्याकडे जायचं. तिच्या खोलीत तसं एक पांढरं यंत्र आहे. गेल्या आठवड्यात तिनं ह्यांना खुर्चीच्या कडेला बसवलं, कांडी डाव्या हातात दिली आणि पडद्यावर बोलिंगची लेन आणली. “काका, फक्त स्विंग करा. तुमची बॅलन्स पण सुधारेल आणि ती उजवा हात आहे ना, आपण त्याला बरोबर बांधूया, मग ब्रेनला मेसेज जातो.” ह्यांनी हात हलवला. पडद्यावर आठ पिना पडल्या आणि हे हसले. जूनपासून पहिल्यांदा. तोंड एकाच बाजूनं वर गेलं आणि घशातून एक आवाज आला, जो मी आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकलेला नव्हता. लगेच ह्यांनी आजूबाजूला पाहिलं, कोणी बघितलं का म्हणून, आणि कांडी टेबलावर ठेवून दिली. मला वाटतं पांढरं तिथेच बाद झालं, रकाने नंतर पाडले. बाहेर पडताना नीनानं मला बाजूला घेतलं. “काकू, खरं सांगते हं. फर्स्ट सिक्स मंथ्स इम्पॉर्टंट असतो. त्यातले चार गेले. घरी रोज हाफ ॲन अवर खेळले ना, तर खूप डिफरन्स पडेल. दुसरा कुठला मशीन घेऊ नका, बाकी सगळ्यांना दोन हात लागते.” तिनं हवेत दोन्ही हातांची मूठ करून, अंगठे हलवून दाखवलं. मी मान डोलावली. मला ते काही नवीन नव्हतं. सहा महिने म्हणजे काय, त्यानंतर सांधे कसे आखडत जातात, मेंदूची वाट कशी बुजत जाते, हे मी नीना जन्मायच्या आधीपासून जाणते. म्हणजे बसमध्ये माझ्या मांडीवर नुसतं खेळणं नव्हतं. उरलेले दोन महिने होते, आणि ते माझ्या ताब्यात होते.

मी जन्माची डावरी. माहेरी साताऱ्याला त्याचं कोणाला काही नव्हतं. माझे वडील शिंपीकाम शिकवत, ते म्हणायचे हिची टीप उलटीकडून येते पण सरळ येते. लग्नानंतर सासूबाईंनी डाव्या हातानं वाढू दिलं नाही, ते मी समजू शकते, सगळीकडे तसंच होतं. देवाचं, जेवणाचं, देण्याघेण्याचं सगळं उजव्यानं. पण सत्तर साली आम्ही इकडे इंग्लंडला आलो, सासूबाई साडेचार हजार मैल मागे राहिल्या, आणि मला वाटलं सुटले. पहिल्याच आठवड्यात, हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये, दोघांचं पिठलं-भाताचं जेवण, मी डाव्या हातानं ह्यांच्या पानात भात वाढला. ह्यांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. मारलं नाही, कधीच मारलं नाही. दोन बोटं, नाडी बघतात तिथे, आणि एकच शब्द: “उजवा.” पुढे अडतीस वर्षं तेच. पाहुण्यांसमोर, मंडळात, तनयाला भरवताना, नवीन शेजाऱ्यांना मिठाईचा डबा देताना. शेवटी शेवटी बोटं ठेवायची गरज उरली नाही, हे नुसते बघायचे आणि माझा हात आपोआप बदलायचा. एकटी असले की मी डाव्या हातानं कांदा चिरायचे. जिन्यात ह्यांचं पाऊल वाजलं की सुरी इकडून तिकडे. साठीची बाई, दोन पदव्या, आणि चोरून कांदा चिरते. आजही डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला मला ती जागा बरोबर सांगता येते. थंडीत तिथे हुळहुळतं. डॉक्टर म्हणून मला ठाऊक आहे की तिथे काही नाही.

हेही मी गिळलं असतं. गिळतच होते. चौऱ्याहत्तर साली आम्ही उत्तरेला एका गावात होतो. हे मिस्टर हॅलम नावाच्या सर्जनच्या हाताखाली रजिस्ट्रार, म्हणजे शिकाऊ सर्जन, मी त्याच हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला. मला सर्जरीच करायची होती. हे कोणाला सांगायची तेव्हाही लाज वाटायची आणि आता वेगळ्या कारणानं वाटते, पण मला तेच एक हवं होतं. एका दुपारी कारखान्यातला एक माणूस पात्यात सापडलेला हात घेऊन आला. कोणी मोकळं नव्हतं. मी दार लोटून घेतलं आणि तासभर डाव्या हातानं तो शिवला, स्नायूबंध, कातडी, सगळं. मान वर केली तर हॅलम भिंतीला टेकून उभे. “नीट,” एवढंच म्हणाले आणि गेले. त्या एका शब्दावर मी आठवडा काढला. आठवड्यानंतर ऑपरेशनच्या आधी हात धुताना त्यांनी ह्यांना विचारलं की माझ्याकडे जागा आहे, तुमच्या बायकोला घेऊ का. हे मला ह्यांनी सांगितलं नाही. महिन्यानं थिएटरमधल्या आयरिश सिस्टरनं सांगितलं, चहा पिताना, मला माहीत असणार असं समजून. ह्यांनी साबण चोळता चोळता उत्तर दिलं होतं. “ती डावरी आहे, सर. आमच्याकडे डावा हात अस्वच्छ मानतात. आमचे पेशंट तिच्या हातून करून घेणार नाहीत.” त्या गावात आमचे पेशंट म्हणजे एक पंजाबी बस कंडक्टर आणि त्याची बायको. हॅलमना बिचाऱ्यांना काय कळणार? दुसऱ्याच्या धर्मात कशाला पडा, असं वाटून त्यांनी विषय सोडला असेल. जागा एका स्कॉटिश मुलाला मिळाली. मी पुढे तीस वर्षं शाळांमधून पोरांची उंची-वजनं घेतली, कानात यंत्र घालून ऐकू येतंय का विचारलं, टोचलं, फॉर्म भरले. उजव्या हातानं.

तेव्हाच का बोलले नाही? तनया पोटात होती, बर्फ पडत होता, माहेर लांब, ही सगळी कारणं मी स्वतःला वेळोवेळी दिली आहेत. खरं म्हणजे मी वाट बघत होते. हे आपणहून सांगतील. आज ना उद्या, एखाद्या कन्सल्टंटच्या पार्टीहून परतताना, गाडीत, रस्त्याकडे बघत सांगतील, की मधू, मी तेव्हा असं बोललो होतो. मग मी काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. ते दरवर्षी थोडं बदलायचं, आधी लांब होतं, मग छोटं झालं, मग त्यात नुसत्या शिव्या उरल्या, मग पुन्हा लांब झालं. हे काही बोलले नाहीत. आणि मला सगळ्यात जास्त काय डाचतं सांगू? ह्यांनी ते द्वेषानं केलं असतं तरी चाललं असतं. एका घरात दोन सर्जन नकोत, बायको पुढे जाईल, असं काही मनात असतं तर निदान मी कोणीतरी होते असं तरी झालं असतं. मला भीती वाटते की ह्यांच्या मनात काहीच नव्हतं. हात धुता धुता माणूस काहीतरी बोलतो, तसं बोलले. नळ बंद केला आणि आत गेले.

म्हणून जूनमध्ये स्ट्रोक युनिटच्या डॉक्टरनं मला स्कॅन दाखवला, डाव्या बाजूची ती काळपट जागा, आणि हळू आवाजात “आय ॲम अफ्रेड इट्स हिज राइट हँड” म्हणाला, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ते मी त्याला कसं सांगणार? मी रुमाल काढला, कारण तो त्याची वाट बघत होता. घरी आल्यावर हे डाव्या हातानं जेवायला लागले. मी समोर बसून बघायचे. वरण सांडायचं, घास नाकाला लागायचा, आणि मी पुसायला लगेच उठत नसे. सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीला शाळेच्या हॉलमध्ये मी तीर्थ देत होते. रांग सरकत होती. अरुणा, माझी पंचवीस वर्षांची मैत्रीण, ह्यांची चाकाची खुर्ची ढकलत आली. ह्यांनी डावा तळवा पुढे केला. माझी पळी वाटेत थांबली आणि मी म्हणाले, “उजवा.” अरुणा पुटपुटली, “अगं मधुमती, चालतंय गं, आजारी माणूस आहे.” मी म्हणाले, “देवाचं आहे.” मग ह्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला, मेलेल्या वस्तूसारखा, आणि तो तसाच धरून ठेवला. बोटं वळत नव्हती. तीर्थ सगळं पँटवर गेलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, आता. आता आठवेल. पण त्या नजरेत शरमेशिवाय काही नव्हतं, आणि थोडासा अभिमान, की बायको देवाधर्माचं इतकं बघते. मंडळाच्या बायका नंतर माझ्याशी जपून बोलल्या. मी त्या दिवशी दोनदा जेवले. पण चार दिवसांत ते ओसरलं आणि पुन्हा हात रिकामा. तिथपासून मला कळून चुकलं की मला मोठं काहीतरी करावं लागणार, ज्याला ह्यांना नाव द्यावंच लागेल.

घरी पोचले तेव्हा हे खिडकीपाशी खुर्चीत बसलेले होते. “आणलंस?” “आणलं. काळंच.” “गुड.” खोकं मीच उघडलं. ह्यांनी आयुष्यभर घरातलं प्रत्येक यंत्र स्वतः जोडलं, मला वायरला हात लावू दिला नाही, आणि आता खुर्चीतून बोटानं दाखवत होते, ही इकडे, ती तिकडे, ती नव्हे. मी त्यांचं ऐकल्यासारखं करत होते आणि पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे जोडत होते. डाव्या हातानं. ह्यांच्या लक्षात आलं नाही. टीव्हीवर चित्र आलं, खरंच देखणं चित्र, रान, डोंगर, पानापानावर ऊन, आणि मधोमध पाठमोरा उभा असलेला एक माणूस. ह्यांचा चेहरा उजळला. “बघ,” म्हणाले, “प्रोसेसर.” मी कंट्रोलर ह्यांच्या मांडीवर ठेवला आणि समोरच्या सोफ्यावर बसले, पडदा नाही, हे दिसतील अशी.

ह्यांनी तो डाव्या हातात उचलला. अंगठा दांडीवर गेला आणि माणूस चालायला लागला. थोडं चालला आणि एका कड्याला जाऊन थडकला. नजर वळवायची दांडी उजवीकडे, उडी मारायचं बटण उजवीकडे. माणूस कड्याला तोंड लावून जागच्या जागी पाय हलवत राहिला. ह्यांनी कंट्रोलर खाली ठेवला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. एकदा हनुवटीनं बटण दाबून बघितलं. मग डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि कंट्रोलरवर नेऊन ठेवला, एकेक बोट जागेवर बसवलं, अंगठा बटणावर लावला, फार नीट, मोडलेलं हाड जुळवताना बसवत असतील तसं. क्षणभर तो तिथे राहिला. हे त्याच्याकडे बघत होते. कपाळावर शीर दिसायला लागली. अंगठा हलला नाही, आणि हात घसरून मांडीवर पडला. ह्यांनी पुन्हा उचलला. चार वेळा. मी मोजत होते आणि मला बरं वाटत होतं. एकेका वेळेला अंगातून काहीतरी खाली उतरत होतं. पाचव्या वेळेला ह्यांचे डोळे भरले आणि तेव्हाही मला बरं वाटलं, पण जरा कमी.

तेवढ्यात तनयाचा फोन आला, केंब्रिजहून. ती तिथे संशोधन करते, शनिवारी दुपारी फोन करते. मी स्पीकर लावला. “बाबा, आलं का मशीन? सेट केलंत?” ह्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “तुझ्या आईनं घोळ घातला. दोन हातांचं उचलून आणलं. दुकानात साधं विचारायचं, तेवढंही हिला सुचत नाही.” सांगताना नजरसुद्धा चळली नाही. रकाने, प्रोसेसर, काळंच आण, त्यातलं काही शिल्लक नव्हतं. “ओ नो,” तनया म्हणाली, “मम्मा, इट्स ओके, कुणाचं पण होतं असं. रिसीट असेल ना? ट्वेंटी-एट डेज असतात. मंडेला जाऊन चेंज करून आण, वी घे. बाबा, तुम्ही रागावू नका तिच्यावर.” “नाही रागावत,” हे म्हणाले. “तिला ह्यातलं कळत नाही.” इकडचं तिकडचं बोलून तिनं फोन ठेवला. कानात गरम गरम वाटत होतं. इतक्या वर्षांनी मी एक दुष्टपणा केला, पूर्ण शुद्धीवर, माझ्या हातानं, आणि तो ह्यांनी माझा मूर्खपणा म्हणून खिशात टाकला. हेही माझं राहू देणार नव्हते.

“घोळ नाही झालेला,” मी म्हणाले. “दोन हात लागतात हे मला माहीत होतं. नीनानं सांगितलं होतं. दुकानातल्या बाईनं विचारलंसुद्धा. मी मुद्दाम आणलं.”

ह्यांच्या तोंडाची एक बाजू उतरलेली आहे, त्यामुळे हे रागावले की घाबरले ते पटकन कळत नाही. पडद्यावरचा माणूस कड्यापाशी उभा होता. मग म्हणाले, “का?”

ते लांबलचक भाषण ओठांपर्यंत आलं होतं. आलं, आणि मी ते तिथेच थांबवलं. मी सांगितलं असतं तर ह्यांना नुसतं ऐकायचं उरलं असतं. हे सॉरी म्हणाले असते. इतकी वर्षं ह्या देशात राहून हे सॉरी फार छान म्हणतात, दारात धक्का लागला तरी म्हणतात. मला ते नको होतं. “तुम्हीच आठवा,” मी म्हणाले. “तनया म्हणाली तसे अठ्ठावीस दिवस आहेत. बरोबर आठवलंत की त्याच दिवशी बदलून आणते.”

“आणि नाही आठवलं तर?”

“तर हे आहेच.”

ह्यांना परीक्षा द्यायला नेहमी आवडतं. मला दिसलं, हे सावरून बसले, डोळे मिटले. “किती सालचं?” “आपण उत्तरेला होतो तेव्हाचं.” थोड्या वेळानं म्हणाले, “तनया झाली तेव्हा मी थिएटरमधून आलो नाही.” “नाही.” “तुझा तो कोट, हिरवा, मी नर्सला देऊन टाकला.” मला तो कोट आठवतही नव्हता. “नाही,” मी म्हणाले. बाहेर शेजाऱ्यांचं गवत कापायचं यंत्र सुरू झालं आणि बंद पडलं. ह्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम आवाज खाली आणला. “मग तार,” हे म्हणाले. “तुझ्या आईची. तुला कोणी सांगितलं?”

मी टीव्हीचा आवाज बंद केला.

“सोमवारी आली होती,” हे एकेक शब्द ओढत म्हणाले. “बुधवारी माझी फेलोशिपची तोंडी परीक्षा होती. तू रडत बसली असतीस, मला वाचता आलं नसतं. गुरुवारी दिली की तुला.” आई सीरियस, ताबडतोब ये, असं त्या तारेच्या कागदावर होतं. गुरुवारी संध्याकाळी हातात पडला, शुक्रवारचं विमान मिळालं, रविवारी साताऱ्याला पोचले तेव्हा आईला जाऊन दोन दिवस झाले होते. वडील म्हणाले, शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. कागदावरची तारीख बघायचं मला भान नव्हतं. तार उशिरा आली असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. तनयाला, अरुणाला, स्वतःला. त्या तारखात्याला मी किती शिव्या घातल्या असतील त्याला गणती नाही. हे माझ्याकडे बघत होते आणि ह्यांचा अर्धा चेहरा हलका झाला होता. पेपर सुटल्यासारखा.

“तेच ना?” हे म्हणाले. “सोमवारी बदलून आणशील?”

मी सोफ्याला धरून उभी राहिले.

“नाही,” मी म्हणाले. “ते नाही. आणखी आठवा.”